येसूकाकाचं सुतक

कुणकेश्वराच्या पायऱ्यांशी जयदीपनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"तू नको येऊस वर. तुला सुतक आहे."

त्यानं हे इतक्या मायेनं सांगितलं की मला मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नचिकेतनं आपल्या चपला माझ्या पुढ्यात काढल्या, "राख रे," म्हणाला, आणि दोघं वर गेले. मी समुद्राकडे तोंड करून चपला राखत बसलो. लहानपणी शिवरात्रीच्या जत्रेला याच पायऱ्या मी येसूकाकाच्या खांद्यावर बसून चढलो होतो. आता त्याच येसूकाकाच्या मरणाचं सुतक पाळत खाली बसलो होतो. अडचण एवढीच होती की येसूकाका त्या घटकेला दोन खाड्यांपलीकडे आमच्या वाडीत धडधाकट होता आणि बहुतेक पडवीत जाळं विणत बसला असेल.

त्याला मी मारला होता. त्याच दिवशी सकाळी, गगनबावड्याच्या टपरीवर, चहा पिता पिता.

आम्ही तिघं पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. जयदीप साताऱ्याचा, घरंदाज, मोठ्यांसमोर आवाज न चढवणारा. नचिकेत पुण्याचाच, तोंडाला खीळ नसलेला. जयदीपच्या वडिलांची जुनी मारुती व्हॅन घेऊन घाट उतरायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं, असा बेत होता. वाटेत एक मुक्काम कुबलांच्या, म्हणजे माझ्या घरी. हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

हॉस्टेलवर पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं, घर कुठं? मी म्हणालो, समुद्रकाठी. बस्स, एवढंच. बाकीचं घर त्यांनीच बांधलं. चिऱ्याचं, दारात झोपाळा, मागे नारळी-पोफळीची बाग. मी फक्त त्यातला एकही चिरा काढला नाही. आमचं खरं घर मातीचं, दोन खोल्यांचं. पडवीत जाळी आणि मागच्या अंगणात वाळत घातलेले बांगडे. वारा फिरला की पाहुण्याला आमच्या घराचा पत्ता विचारावा लागत नसे.

आणि त्या घरात येसूकाका. वडील मी तिसरीत असताना गेले. मला आणि आईला त्यांच्या या भावानं सांभाळलं, आणि त्या धबडग्यात स्वतःचं लग्न करायचं त्याचं राहूनच गेलं. कमरेला रुमाल, उघडं अंग, तोंडात पानाचा तोबरा. रापणीवर जन्म गेलेला माणूस. रापण म्हणजे समुद्रात सोडायचं मोठं जाळं, त्याची दोन्ही टोकं धरून अख्खी वाडी ते किनाऱ्यावर ओढते. लाटांवर आवाज चढवून ओरडायची इतकी सवय, की हा माणूस घरात मीठ मागायचा तरी शेजारी दचकायचे. एकदा तो मला भेटायला हॉस्टेलवर येतो म्हणाला होता. मी परीक्षेचं कारण सांगून टाळलं होतं.

तर त्या टपरीवर जयदीपनं गाडीतून कंदी पेढ्यांचा खोका काढला.

"आईनं तुझ्या आईसाठी दिलेत. आज संध्याकाळी पोचू ना तुमच्याकडे?"

माझ्या हातातला चहा थंड झाला. "घरी फोन करून येतो," म्हणून मी शेजारच्या बूथमध्ये शिरलो. आमच्या घरी फोन नव्हताच. मी रिसीव्हर कानाला लावून नुसताच उभा राहिलो. परत आलो तेव्हा तोंड पडलेलं होतं, त्यासाठी वेगळं नाटक करावं लागलं नाही.

"घरी सुतक आहे रे. भावकीतले काका गेले. आमच्याकडे सुतकात बाहेरच्या माणसाला घरात घेत नाहीत."

असा नियम कुठंच नाही. मी तो जागच्या जागी पाडला.

जयदीपनं कप खाली ठेवला. "अरेरे. कोण काका?"

जिभेला हाड नसतं. आमच्या भावकीत माणसांचा दुष्काळ नव्हता. पांडू होता, बाबी होता, मुंबईला जाऊन तिकडचाच झालेला सखाराम होता. त्याला मारलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तोंडातून निघालं, "येसूकाका."

"जवळचे होते?"

"नाही. लांबचे."

"तुला घरी सोडायचं का? आम्ही दोघं जाऊ पुढे."

"नको. सगळं उरकलंय. आठवडा झाला."

खोटं पचलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण जयदीपच्या घरी सोयरसुतक फार कडक पाळत. फोंड्याला नचिकेतनं खरवस घेतला, तेव्हा जयदीपनं माझ्यापुढची वाटी हळूच बाजूला सारली. "गोड नको खाऊस. नातं लांबचं असलं तरी." कुणकेश्वराची पायरी त्यानंतरची. माझ्यापेक्षा माझं सुतक तोच जास्त मनापासून पाळत होता.

आमचं गाव बिनबोभाट ओलांडून पुढे मालवणला मुक्काम करायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण दिवस मावळता मावळता नचिकेतला रस्त्याखाली सुरूचं बन दिसलं आणि तो ओरडला, "थांब, थांब! तंबू इथंच टाकायचा!"

तो आमच्याच वाडीचा किनारा होता. हे त्याचं अलीकडचं टोक. गावाची पाटी दोघांनीही वाचली होती, पण घर कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडच्या टोकाला चारदोन दिवे लागले होते आणि त्यातला कडेचा आमच्या घराचा होता. मी म्हणालो, इथं जनावर असतं, इथं वारा लागतो, इथली वाळू ओली असते. नचिकेत म्हणाला, "कुबल, तू समुद्रकाठचा की सोलापूरचा?" मग मी गप्प बसलो. चोराच्या मनात चांदणं. जास्त बोललो असतो तर संशय यायचा.

कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबाचा तंबू उभा राहिला. नचिकेतनं सुरूच्या काटक्या गोळा करून जाळ केला. पुण्याहून आणलेली पोळी-चटणी आम्ही खाल्ली. मी वाडीकडे पाठ करून बसलो होतो, तरी तो कडेचा दिवा मला पाठीला लागत होता. येत्या-जात्या कुणी ओळखलं तर? दिग्या, हंय काय करतंस, असं कुणी विचारलं तर?

आणि वाळूतून एक टॉर्च हलत हलत यायला लागला.

"चोर असेल का रे?" नचिकेतचा आवाज खाली आला.

टॉर्चमागचा माणूस एक पाय जरासा ओढत चालत होता. मला ती चाल अंधारातही कळली.

"कोण तां थंय?" दुरूनच आरोळी आली. "इस्तव कोणी पेटवल्यानी? हंय माझी जाळी आसत!"

तो जवळ आला. टॉर्च नचिकेतच्या तोंडावर पडला, मग जयदीपच्या, मग माझ्या. माझ्यावर आला आणि थांबला. येसूकाकाचं तोंड हसायला उघडलं. माझं नाव त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

पण जयदीप त्याच्या आधी उठून उभा राहिला. "नमस्कार काका. आम्ही पुण्याहून आलोय. हा मित्र इथलाच, कुबलांचा. त्याच्या घरी सुतक आहे ना, म्हणून आम्ही घरी न जाता इथं थांबलो. जाळ विझवू का?"

"सुतक?" येसूकाका म्हणाला. "सुतक कोणाचा? कोण गेला?"

"येसूकाका म्हणून होते," नचिकेत म्हणाला. "तुम्ही ओळखत असाल."

टॉर्च विझला.

लाट आली, गेली. पुन्हा आली. मी डोळे मिटून घेतले होते. आता हा त्याच्या त्या रापणीच्या आवाजात ओरडणार, मेल्या, काय म्हणतंस रे, आणि सगळं उघडं पडणार. खरं सांगतो, पडावं असंही कुठंतरी वाटत होतं.

"होय तर," अंधारातून आवाज आला. हळू आवाज. असा आवाज या माणसाला आहे हेच मला ठाऊक नव्हतं. "वळखत होतंय त्येका."

"बसा ना," जयदीप म्हणाला.

तो वाळूत बसला. जयदीपनं रीतसर हात जोडले. "आम्हाला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. कशानं गेले हो?"

येसूकाकानं जाळाकडे बघितलं. "असोच. अवचित. सकाळी बरो हुतो."

"फार त्रास नाही ना झाला?"

"नाय. तेवा त्येका काय्येक कळाक नाय."

"माणूस कसा होता?" नचिकेतनं विचारलं. त्याला कुठं थांबावं हे कधीच कळलं नाही.

"तसो वायट नव्हतो." येसूकाकानं एक काटकी जाळात सरकवली. "पण लय मोठ्यान बोलाचो. चार माणसांत लाज वाटाची घरच्यांका. पण भावाच्या झिलाक शिकवल्यान हां. मोठो विंजनेर केल्यान त्येका."

जयदीप चमकून माझ्याकडे वळला. "म्हणजे तुला?"

"नाय नाय!" येसूकाका घाईनं म्हणाला. "ह्यो न्हय. ह्यो लांबचो. तो झील दुसरो."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या जाळापाशी बसून समजलं. आणि मी काय केलं? काटक्या संपत आल्यात, असं पुटपुटलो आणि काटक्या आणायला उठलो.

परत आलो तेव्हा जयदीप पेढ्यांचा खोका त्याच्यापुढे धरून उभा होता. "याच्या आईसाठी माझ्या आईनं दिले होते, पण सुतकाच्या घरी कसे देणार? तुम्ही तरी घ्या. तुम्हाला सुतक नाही ना?"

"माका कसला सुतक?" येसूकाका हसला. "सुतक जित्या माणसांका." मग त्यानं खोका दोन्ही हातांनी घेतला. "मी देतंय तिका. फिटला की देतंय. पोरांनो, तुम्ही निजा बिनघोर. मी हंयच आसंय जाळ्यांकडे."

ते दोघं खरोखरच बिनघोर निजले. मला झोप कुठली? तंबूच्या कापडातून बाहेरची विडी पेटलेली दिसायची, विझायची. पुष्कळ वेळानं मी बाहेर आलो. येसूकाका जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसला होता. पेढ्यांचा खोका दव लागू नये म्हणून त्यानं स्वतःच्या टॉवेलात गुंडाळला होता आणि आपण उघडाच होता.

"काका."

"हळू बोल. पोरां निजलीत."

मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते आत जुळवून आलो होतो, त्यातलं काहीच आठवेना.

"आधी माझा काळीज थांबला रे," तोच म्हणाला. "सुतक म्हटल्यान तेवा माका वाटला, तुझी आवस गेली. आताच तिका चुलीकडे सोडून इलंय, तरी वाटला. मगे माझा नाव ऐकलंय." तो थांबला. "तेवा बरा वाटला."

मी रडायला लागलो. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"मुद्दाम नाही केलं, काका. तोंडात आलं."

"जवळच्याचाच येता तोंडात." त्यानं विडीचा झुरका घेतला. "लांबच्याचा आठवूचा लागता."

"मी सकाळी त्यांना सांगतो. सगळं खरं सांगतो."

"कित्याक? तां गोरा पोरगा बरा आसा, हात जोडून उभा रवला माझ्या मरणाक. त्येका उगाच वायट वाटात." मग आवाजात जरा नेहमीची मजा आली. "आणि माझो फायदोच झालो मां! मेल्याची आवई उठली की माणूस शंभर वर्सां जगता."

मी हसलो नाही. तोही फार हसला नाही.

"तुझ्या आवशीन बांगड्याचो तिकला केलोहा," तो म्हणाला. "तुमका आणून दिलंय असतंय. पण मेल्या माणसान जेवाण कसा आणूचा? सकाळी घराक ये. एकटो ये, नायतर ह्यांका घेवन ये. मी रापणीर आसतलंय, घरात दिसाचंय नाय. तुझी आवस काय्येक बोलाची नाय, तिका मी समजावतंय. फकत तिका तोंड दाखव नि जा."

म्हणजे माझं खोटं उभं राहावं म्हणून तो स्वतःच्या घरातून नाहीसा व्हायला तयार होता.

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

सकाळी मी उठलो तेव्हा रापण लागली होती. सगळी वाडी दोन रांगांत दोरी ओढत होती आणि जयदीप-नचिकेत हौसेनं रांगेत शिरले होते. मी सुरूच्या झाडाआड उभा राहून बघत होतो. येसूकाका त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या रांगेच्या शेवटाला होता. अंगात चक्क सदरा घातला होता. रापणीवर सदरा घालून आलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

जाळं एका अंगाला कलायला लागलं तसा पाण्यातला एक म्हातारा ओरडला, "येसू! ए येसू! दोरी सोड जरा!"

येसूकाकानं मान वर केली नाही.

"येसू! बहिरो झालंस काय रे मेल्या! तुकाच सांगतंय!"

आजूबाजूची माणसं त्याच्याकडे बघायला लागली. तो खाली मान घालून दोरी ओढतच राहिला, जणू त्या नावाचा तो नव्हताच. शेवटी शेजारच्या माणसानं त्याच्या हातातून दोरी हिसकावून सैल केली आणि त्याला चार शिव्या हासडल्या. जन्मभर रापणीवर पहिला आवाज ज्याचा, त्यानं त्या शिव्या मुकाट्यानं ऐकून घेतल्या.

नचिकेत वाळू झटकत माझ्याकडे आला. "इथं अजून एक येसू आहे वाटतं."

"असतात," मी म्हणालो. "कॉमन नाव आहे."

जयदीप आला, त्याच्या तळहातांना दोरीचे वळ उठले होते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुबल, तू आईला भेटून ये. आम्हाला नसेल चालत, तुला तर चालतं. आम्ही थांबतो की हवं तेवढा वेळ."

माडांच्या वर आमच्या चुलीचा धूर दिसत होता. पाच मिनिटांची वाट. मी गेलो असतो तर आई मला दारातच पोटाशी धरणार, मोठमोठ्यानं बोलणार, आणि मी आलो नाही बघून हे दोघं हाका मारत मागून येणार. अंगणातले बांगडे, पडवीतली जाळी, भिंतीवर येसूकाकाचा फोटो. हे सगळं मी त्या धुराकडे बघत बघत मोजलं.

"नको," मी म्हणालो. "आमच्यात एकदा सुतकाच्या घरात पाऊल टाकलं की ते फिटेपर्यंत निघता येत नाही."

तोवर मला सुतकाचे नियम पाडायचा चांगलाच सराव झाला होता.

आम्ही तंबू गुंडाळून निघालो. व्हॅन रस्त्यावर चढली तेव्हा रापण किनाऱ्याला लागली होती आणि माणसांचा गलका वर येत होता. त्या गलक्यात येसूकाकाचा आवाज नव्हता. एवढ्या अंतरावरूनही तो मला ऐकू आला असता.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या मित्राच्या आवशीन पेढे धाडल्यान ते पावले हां. कोण गाडयेवालो देवन गेलो म्हणा होतो काका." एवढंच. येसूकाकानं त्या रात्रीचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. पुढे घर चिऱ्याचं झालं, दारात झोपाळाही आला. मित्रांना घेऊन ये म्हणून आई मागे लागायची. येसूकाका कधीच म्हणाला नाही. मी फोन केला की तो आईकडे देऊन बाजूला व्हायचा, आणि बोलला तरी हळू बोलायचा. वय झालं, असं आई म्हणायची.

त्याची शंभर काही भरली नाहीत. गेल्या मार्गशीर्षात तो गेला. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी जयदीपचा फोन आला. आमची मैत्री टिकली आहे. त्याला कसलासा पत्ता हवा होता.

"मी गावी आहे," मी म्हणालो. "येसूकाका गेले."

"कोण?"

"येसूकाका. माझे सख्खे काका. त्यांनीच मला वाढवलं."

"अरे, पण ते तर..." तो अडखळला. "ते तर तेव्हाच गेले होते ना?"

"नाही. तेव्हा नाही गेले."

"मग ते टॉर्च घेऊन आले होते..."

"तेच."

"मी त्यांनाच हात जोडून विचारलं होतं रे," जयदीप म्हणाला. "कशानं गेले म्हणून."

"हो."

मला वाटलं, फोन ठेवला. ठेवला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. मग त्याचा आवाज आला, तसाच, मोठ्यांसमोर बोलताना असायचा तसा. "मी निघतो. संध्याकाळपर्यंत पोचतो." आणि बोलता बोलता त्याला काहीतरी आठवलं. "पण तुमच्याकडे सुतकात बाहेरच्या माणसाला घरात घेत नाहीत ना?"

मी दाराशी उभा होतो. पायरीखाली चपलांचा ढीग पडला होता. पडवीत, अंगणात, झोपाळ्यावर अख्खी वाडी बसली होती. शेजारची बाई आमच्यासाठी पेजेचं भांडं घेऊन आत शिरत होती आणि कुणी तिला अडवत नव्हतं.

"घेतात," मी म्हणालो. "आमच्याकडे घेतात. ये."